शाळेतील अन्न आणि उद्योगपतींचे साहाय्य

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण बहुधा थट्टेने वापरतो. परंतु तिच्या पोटी मोठे व्यवहारज्ञान आहे. ज्या मुलाने सकाळी घरून निघताना घोटभर चहावाचून काही घेतलेले नाही, त्याच्यापुढे गुरुजींनी त्रैराशिक कितीही सोपे करून मांडले तरी त्याचे चित्त फळ्यावर ठरत नाही. मूल मंद आहे, आळशी आहे, असा शेरा आपण झटकन मारतो. पुष्कळदा ते केवळ भुकेलेले असते. ही गोष्ट ध्यानी घेऊन अनेक देशांनी शाळेतच मुलांस एक वेळचे अन्न देण्याची व्यवस्था केली आहे, आणि ह्या कामी आता मोठमोठे कारखानदार व कंपन्याही हात देऊ लागल्या आहेत. व्यापारी आणि शाळेतील ताट ह्यांची ही भागीदारी कशी चालते, तिच्यात हित कोणते व धोका कोणता, ह्याचा विचार आम्ही आज वाचकांपुढे मांडणार आहोत.

प्रथम ही व्यवस्था आपल्या देशात कशी आली ते पाहू. इ. स. १९२० साली मद्रास नगरपालिकेने, पी. त्यागराय चेट्टी हे अध्यक्ष असताना, थाउजंड लाइट्स ह्या वस्तीतील आपल्या एका शाळेत मुलांस दुपारचे खाणे देण्याचे ठरविले. दर मुलामागे दिवसाला एक आण्याहून अधिक खर्च होऊ नये अशी मर्यादा होती. मुलांची हजेरी वाढावी हा त्यात उघड हेतू होता. पुढे खर्चाच्या प्रश्नावरून ही योजना काही काळ बंद पडली. इ. स. १९५६ च्या सुमारास मुख्यमंत्री के. कामराज ह्यांनी मद्रास राज्यात दुपारच्या जेवणाची योजना मोठ्या प्रमाणावर सुरू केली. तीत सरकारच्या पैशाबरोबर गावोगावच्या लोकांच्या वर्गणीचाही भाग होता. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन ह्यांनी तमिळनाडूत तिचा आणखी विस्तार केला.

सबंध देशासाठी अशी योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. परंतु आरंभी बहुतेक राज्यांत शिजवलेले अन्न मिळत नसे. हजेरी भरलेल्या मुलास महिन्याला तीन किलो धान्य घरी नेण्यास मिळे. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या आईवडिलांनी शाळेतून आणलेल्या तांदळाची ती पिशवी पाहिली असेल. त्या तांदळात घरातील सर्वांचाच वाटा पडे, आणि मुलाच्या पोटात त्यातील किती जाई हे सांगणे कठीण असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हुकूम दिला की, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलास शिजवलेले जेवणच दिले पाहिजे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने हा हुकूम कायद्यात बांधला गेला. अर्थात शाळेतील जेवण हे आता कोणाचे औदार्य राहिलेले नसून तो मुलाचा हक्क झाला आहे. वाचकांनी हे एक वाक्य मनात जपून ठेवावे. पुढील साऱ्या विवेचनाची किल्ली तेच आहे.

आता ताटात काय असते ते पाहू. पहिली ते पाचवीच्या मुलास रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल, असे प्रमाण ठरलेले आहे. त्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत अशी अपेक्षा असते. सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी व साडेसात ग्रॅम तेल असून, उष्मांक ७०० व प्रथिने २० ग्रॅम असे माप आहे. आपल्याकडील खिचडीस काही जण नाके मुरडतात. परंतु तांदळाच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीत भरपूर असतो, आणि डाळीत जो उणा असतो तो तांदळात असतो. दोन्ही एकत्र शिजली म्हणजे परस्परांचे न्यून भरून निघते. आपल्या आजीबाईंनी हे रसायनशास्त्र न शिकताच ओळखले होते.

ह्या ताटाचा खर्च कोण करतो? धान्य केंद्र सरकार देते. डाळ, भाजी, तेल, मीठमसाला व इंधन ह्यांसाठी दर मुलामागे ठरावीक रक्कम मिळते. बहुतेक राज्यांत तिच्यातील ६० टक्के केंद्र व ४० टक्के राज्य सोसते. १ मे २०२५ पासून ही रक्कम प्राथमिक वर्गासाठी ६ रुपये ७८ पैसे, आणि वरच्या प्राथमिक वर्गासाठी १० रुपये १७ पैसे करण्यात आली. घरचा बाजार करणाऱ्या कोणाही गृहिणीस विचारावे. हे आकडे किती ओढाताणीचे आहेत ते ती एका क्षणात सांगेल. एका अंड्याची किंमतही ह्याच घरात जाते. म्हणजे अंडे द्यावयाचे तर डाळ, भाजी, तेल व इंधन ह्यांच्या खर्चाएवढाच दुसरा खर्च करावयास हवा. २०२१ साली ही योजना नव्या नावाने मंजूर झाली तेव्हा तिच्यात सुमारे ११ कोटी ८० लाख मुले धरलेली होती. इतक्या मुलांच्या पानात रोज एकेक रुपयाची भर घालावयाची म्हटली तरी दिवसाचे जवळजवळ बारा कोटी रुपये होतात. सरकारचा हात का आखडतो, आणि उद्योगपतींच्या साहाय्याची वाट का पाहिली जाते, हे ह्यावरून समजेल.

उद्योगपतींनी ह्या कामात यावे ह्यासाठी आपल्या देशात कायद्याचेही एक दार उघडलेले आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमान्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या निदान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी असे बंधन घालण्यात आले, आणि १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. कोणती कार्ये ह्यात बसतात त्यांची यादी कायद्यास जोडलेली आहे. भूक, दारिद्र्य व कुपोषण ह्यांचे निवारण तीत अगदी आरंभीच येते. तेव्हा शाळेतील जेवणास कंपन्यांचा पैसा मिळतो तो सर्वस्वी दयाबुद्धीनेच मिळतो असे नव्हे; त्यात कायद्याचाही अंश आहे.

हे साहाय्य मुख्यत्वे तीन प्रकारचे असते. पहिला प्रकार केवळ द्रव्याचा. ह्याचे ठळक उदाहरण आपल्या शेजारच्या कर्नाटकात आहे. तेथे सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांस आठवड्यातून दोन दिवस अंडे मिळत असे. जुलै २०२४ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने राज्य सरकारशी करार केला, आणि उरलेल्या चार दिवसांच्या अंड्यांसाठी तीन वर्षांत सुमारे १५०० कोटी रुपये देण्याचे कबूल केले. सुमारे ५५ लाख मुलांचा हा प्रश्न होता. जी मुले अंडे खात नाहीत त्यांस केळे किंवा शेंगदाण्याची चिक्की द्यावी असे ठरले. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. दात्याने स्वतःची निराळी चूल मांडली नाही. सरकारच्या चालू योजनेत जेथे पैसा अपुरा पडत होता तेथेच भर घातली. स्वयंपाकघर तेच, वाढणारी माणसे तीच, देखरेखही तीच.

दुसरा प्रकार स्वयंपाकघराचा. बंगळूर येथे २००० साली इस्कॉन ह्या संस्थेच्या पुढाकाराने अक्षयपात्र नावाचे काम पाच शाळांतील १५०० मुलांस जेवण देऊन सुरू झाले. पुढे अनेक कंपन्यांनी व उद्योगपतींनी त्यास द्रव्यसाहाय्य केले, आणि एप्रिल २०२४ पर्यंत ह्या संस्थेने ४०० कोटी भोजने वाढली. सरकारकडून धान्य व ठरलेली रक्कम मिळते, आणि जी तूट येते ती देणग्यांतून भरून निघते. मोठी स्वयंपाकघरे, वाफेवर चालणारी प्रचंड पातेली, पोळ्यांची यंत्रे, आणि शाळाशाळांत झाकबंद डबे नेणाऱ्या गाड्या अशी सारी व्यवस्था असते. काही ठिकाणी इमारतीची रचनाच अशी की, धान्य वरच्या मजल्यावर चढवावे, आणि ते आपल्याच भाराने नळावाटे खालच्या पातेल्यांत उतरावे. दाट वस्तीच्या शहरांत, जेथे शाळेला अंगणही नसते, तेथे अशा मध्यवर्ती स्वयंपाकघराचा उपयोग स्पष्ट आहे.

तिसरा प्रकार कौशल्याचा. आणि आमच्या मते त्याचे मोल पैशाहून कमी नाही. धान्य असते, पण ते वेळेवर पोहोचत नाही. पोहोचले तर कोठारात भिजते. ही गरीब देशांतील नित्याची व्यथा आहे. २००२ साली हॉलंडमधील टी. एन. टी. ह्या माल वाहून नेणाऱ्या कंपनीने संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाशी करार केला. ही संस्था गरीब देशांतील शाळांत मुलांस अन्न पुरविते, तसेच दुष्काळ व युद्ध ह्यांनी गांजलेल्यांस धान्य पोहोचविते. कंपनीने तिला पैसा तर दिलाच. परंतु त्याबरोबर आपली जाणती माणसे, विमाने, आणि कोठारे कशी ठेवावीत, माल कोणत्या वाटेने न्यावा, ह्याचे ज्ञानही दिले. जो धंदा ज्याला येतो त्याने त्याच धंद्याची विद्या द्यावी, ह्यासारखे दान दुसरे कोणते?

येथवर वाचून कोणी म्हणेल, "मग अडचण ती कोठे? देणारा देतो, घेणारा घेतो. मुलांची पोटे भरतात." अडचण अशी की, व्यापाऱ्याचा स्वभाव मूळचा व्यापाऱ्याचाच असतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. परंतु मुलांचे ताट म्हणजे बाजारपेठ नव्हे. २००७-०८ साली आपल्या देशात घडलेला प्रसंग ह्या बाबतीत फार बोधप्रद आहे. बिस्किट कारखानदारांच्या संघटनेने खासदारांस पत्रे लिहून, शाळांतून शिजवलेल्या अन्नाऐवजी बिस्किटांची पाकिटे वाटावीत, अशी मागणी केली. बिस्किटे स्वच्छ, टिकाऊ, वाटण्यास सोपी, आणि त्यांत जीवनसत्त्वे घालता येतात, असे त्यांचे म्हणणे. काही खासदारांनी ही मागणी उचलूनही धरली. परंतु राज्य सरकारांनी व पोषणशास्त्राच्या जाणकारांनी तीस विरोध केला, आणि केंद्राने शिजवलेले गरम अन्नच कायम ठेवले. कारखानदारांनी सांगितलेले गुण खोटे होते असे नाही. पूर आला, चूलच पेटेना, अशा वेळी बिस्किटाचे पाकीट उपयोगी पडतेच. परंतु रोजच्या डाळभाताची जागा पाकिटाने घ्यावयाची म्हणजे मुलाच्या गरजेसाठी माल शोधण्याऐवजी मालासाठी मूल शोधणे होय. शिवाय गावातील ज्या बायाबापड्या ते अन्न शिजवितात त्यांची रोजीही त्याबरोबर गेली असती.

दुसरा धोका आवडीनिवडीचा. जो देतो त्याच्या मताप्रमाणे ताट बदलू लागते. अक्षयपात्राच्या स्वयंपाकात कांदा, लसूण व अंडी नसतात. कर्नाटकात २०१८-१९ च्या सुमारास ह्यावरून मोठा वाद झाला. ज्या घरांतून कांदालसणाचे व अंड्याचे जेवण चालते तेथील मुलांस हे अन्न रुचत नाही व ती पोटभर जेवत नाहीत, असा आक्षेप काहींनी घेतला. पोषणाची ठरलेली प्रमाणे आम्ही काटेकोर पाळतो, असे संस्थेने उत्तर दिले. ह्या वादात निवाडा देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्यातून निघणारा प्रश्न प्रत्येक पालकाने विचारात घेतला पाहिजे : ताटात काय असावे हे कोणी ठरवावे? खाणाऱ्याने, वाढणाऱ्याने, की पैसे देणाऱ्याने? आमच्या मते, पोषणाचे माप शास्त्राने व कायद्याने ठरवावे, आणि चवीचा विचार करताना खाणाऱ्या मुलांच्या घरच्या चुलीकडे पाहावे.

तिसरा धोका सर्वांत मोठा, आणि तो म्हणजे दान थांबण्याचा. कंपनीचा नफा एक वर्ष वाढतो, एक वर्ष घटतो. तिचे मालक बदलतात. वर सांगितलेली हॉलंडची टी. एन. टी. कंपनी २०१६ साली अमेरिकेतील फेडेक्स ह्या कंपनीने विकत घेतली. कर्नाटकातील अंड्यांचा करारही तीन वर्षांचा आहे. मुलाची भूक मात्र करार पाहून लागत नाही. ह्या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातील गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने शाळांतील मुलांस आठवड्यातून एक दिवस अंडे, आणि ते न खाणाऱ्यांस केळे, देण्याचे ठरविले. २०२५ च्या जानेवारीत निघालेल्या आदेशाने त्यासाठीचा स्वतंत्र पैसा थांबविण्यात आला, आणि अंडी द्यावयाची असल्यास ती लोकसहभागातून द्यावीत असे सांगण्यात आले. आता लोकसहभाग ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु ज्या गावात साखर कारखाना आहे, धनिक आहेत, तेथे अंडे मिळेल. ज्या पाड्यावर देणाराच कोणी नाही तेथील मुलास ते मिळणार नाही. म्हणजे ज्यास गरज अधिक त्याच्या पानात कमी, असा उलटा न्याय होतो. दानाने हक्काची जागा घेतली म्हणजे काय घडते, ते ह्यावरून कळून येईल.

ह्यावर दुसऱ्या एका देशाने काढलेला मार्ग सांगण्याजोगा आहे. दक्षिण अमेरिकेतील ब्राझील देशात शाळांतून अन्न देण्याची चाल १९५५ पासून आहे. तेथे २००९ साली कायदा झाला की, शाळांच्या अन्नासाठी केंद्राकडून जो पैसा मिळतो त्यातील निदान ३० टक्के रक्कम लहान शेतकरी कुटुंबांकडून थेट माल घेण्यात खर्चावी. येथेही व्यापाराशी भागीदारीच आहे. परंतु व्यापारी कोण, तर शाळेच्या आसपासचा भाजीवाला शेतकरी. मुलास ताजी भाजी मिळते, शेतकऱ्यास खात्रीचे गिऱ्हाईक मिळते. शिवाय ठिकठिकाणी पालक व शिक्षक ह्यांचा समावेश असलेली मंडळे ह्या अन्नावर देखरेख ठेवतात. येथे शेतकऱ्यास कोणी भीक घालीत नाही, आणि मुलासही नाही. दोघांचा मान राहून काम होते.

मग उद्योगपतींचे कोणते साहाय्य चांगले म्हणावे? आमच्या अल्पबुद्धीस चार कसोट्या दिसतात. एक, त्याने सरकारी योजनेत भर पडावी, तिची जागा घेतली जाऊ नये. दोन, जे दिले जाते ते दात्याच्या कारखान्यात काय तयार होते ह्यावरून ठरू नये, मुलास काय हवे ह्यावरून ठरावे. तीन, करार संपल्यावर पुढे काय, ह्याचे उत्तर आरंभीच दिलेले असावे. आणि म्हणून रोजच्या अन्नापेक्षा चांगली चूल, धान्याची कोठी, पिण्याच्या पाण्याची टाकी, भांडी अशा टिकाऊ गोष्टी देणे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे ठरते. चार, ताटावर दात्याचे नाव असू नये. ज्या मुलाने जेवणापूर्वी कोणा कंपनीची पाटी वाचावी आणि तिच्यासाठी टाळ्या वाजवाव्यात, त्याला आपण हक्काचे अन्न खातो असे कधीच वाटणार नाही.

ह्या साऱ्या चर्चेत एका व्यक्तीचा विसर पडतो. ती म्हणजे शाळेत अन्न शिजविणारी बाई. २००९ साली केंद्राने तिच्यासाठी महिना एक हजार रुपये मानधन ठरविले, आणि तेही वर्षातील दहा महिन्यांचे. काही राज्ये आपल्याकडून त्यात भर घालतात. तरीही पहाटे घरचे आवरून शाळेत शेकडो मुलांची चूल पेटविणाऱ्या माउलीच्या श्रमांस हा मोबदला थोडाच आहे. तिच्या हाती केवढी जबाबदारी असते ते १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात दिसून आले. तेथील एका गावच्या शाळेत दुपारचे जेवण खाऊन तेवीस मुले दगावली. अन्नात पिकांवर मारावयाच्या कीटकनाशकाचे विष गेले होते. अन्न वाढण्यापूर्वी शिक्षकाने ते चाखून पाहावे, असा जो नियम आहे त्याचे महत्त्व ह्यावरून कळते. मोठ्या कंपन्यांनी चकचकीत यंत्रे देण्यापूर्वी ह्या बायांस शिक्षण, स्वच्छ साधने व योग्य मोबदला मिळावा म्हणून हात दिला, तर ते साहाय्य सर्वांत आधी मुलांच्याच कामी येईल.

पालकांस आमची विनंती अशी की, मुलांच्या शाळेत जे अन्न शिजते ते महिन्यातून एकदा तरी जाऊन पाहावे व चाखावे. कोठीत धान्य कसे ठेवले आहे, डाळ पातळ का झाली, भाजी आज का नाही, हे विचारण्याचा त्यांस अधिकार आहे. दाता कितीही थोर असला तरी आईच्या नजरेइतकी चांगली तपासणी तो करू शकणार नाही.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही जण उद्या दुकाने चालवतील, काही कारखाने काढतील, काही कंपन्यांच्या मोठ्या जागांवर बसतील. कधीतरी तुमच्यापुढे एखाद्या शाळेस साहाय्य करण्याचा कागद सहीसाठी येईल. त्या वेळी 'ह्यात आमचे नाव कोठे असेल?' हा प्रश्न बाजूस ठेवून, 'आम्ही उद्या नसलो तरी हे मूल जेवेल ना?' एवढाच प्रश्न विचारा. त्याचे उत्तर होकारार्थी मिळाले तर खुशाल सही करा. आज तुमच्या वर्गात जो सोबती डबा आणीत नाही, त्याच्याजवळ बसून आपला डबा उघडताना हाच विचार मनात असू द्या. तो खाली मान घालून न जेवता तुमच्याशी बोलत, हसत जेवला, तर तुम्ही त्यास योग्य रीतीने वाढले असे समजा.